ढील

येवल्यात संक्रांत तीन दिवसांची. भोगी, संक्रांत आणि कर. तिन्ही दिवस अख्खं गाव गच्चीवर राहायला जातं. आमच्याकडे पतंग आसारीवर उडवतात. मधोमध दांडा, त्याभोवती बांबूच्या कामट्यांचा हलका पिंजरा आणि पिंजऱ्यावर दोरा. चांगली आसारी नुसत्या फुंकरीने फिरते, असं आमच्याकडचे म्हातारे सांगतात. फुंकर कोणाची, ते सांगत नाहीत.

माझा भाचा सात-आठ वर्षांचा असल्यापासून संक्रांतीला दादरहून आजोळी यायचा. पतंग उडवण्याएवढी उंची नव्हती, म्हणून आसारी त्याच्या हाती आणि दोरा माझ्या हाती अशी वाटणी असे. पेच लागला की मी ओरडायचो, "ढील दे!" भोगीच्या दिवशी तो इतका घाबरला की त्याने आसारी आवळून धरली, दोरा मधेच तुटला आणि पतंग गेला. संक्रांतीच्या दिवशी तो शहाणा झाला आणि त्याने आसारी पूर्ण मोकळी सोडली. ती भिरभिरत सुटली, पतंगाने ओढणं थांबवलं तरी फिरतच राहिली आणि सैल पडलेल्या दोऱ्याचा असा गुंता झाला की दुपार तो सोडवण्यात गेली. करीच्या दिवशी मात्र त्याला कोणी न शिकवता जमलं. फिरत्या कामट्यांना त्याने तळवा नुसता टेकवून ठेवला. दोरा सरसर जात राहिला, पण ताण सुटला नाही. संध्याकाळी तो लालभडक तळवा तो घरभर दाखवत फिरत होता.

त्या तळव्याची नक्कल धातूत करायला मला, वयाच्या ६२ व्या वर्षी, सव्वा वर्ष लागलं.

भाचा आता अमेरिकेत, न्यू हॅम्पशरमधल्या नॅशुआ गावी असतो. तिथे त्याला मासे पकडण्याचा नाद लागला. मासे पकडून तो परत पाण्यात सोडतो. "मग पकडतो कशाला?" हा माझ्या बायकोचा प्रश्न. आमच्या घरात अंडंही येत नाही, त्यामुळे या विषयावर बोलण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे असं ती धरून चालते. या प्रकाराला फ्लाय फिशिंग म्हणतात. गळाला पिसं आणि रंगीत दोरा बांधून खोटी माशी करायची आणि त्या माशीने मासा फसवायचा. माशीला वजन नसतं, म्हणून ती लांब फेकता येत नाही. फेकायची असते ती तिच्या मागची जाड, वजनदार दोरी. ही जाड दोरी पंचवीस-तीस मीटरची. तिच्या पुढे माशीजवळ केसासारखा बारीक, पारदर्शक दोरा आणि तिच्या मागे रिळावर शे-दोनशे मीटर राखीव दोरी. मोठा मासा लागला की तो हे सगळं घेऊन सुटतो. मग त्या सगळ्या सरंजामातला सर्वांत नाजूक भाग, म्हणजे पुढचा केसाएवढा दोरा, तुटू न देता माशाला दमवायचं. ते काम रिळातल्या ब्रेकचं.

एका रविवारी त्याचा फोन आला. समुद्रकाठी त्याला पट्टेरी अंगाचा बास लागला होता, चांगला मोठा. मासा निघाला आणि निघाल्या क्षणीच दोरा तुटला. नवंकोरं, महागडं रीळ होतं. "मामा, ब्रेक घट्ट नव्हता रे," तो म्हणाला. "मी नंतर हाताने ओढून बघितलं. फिरायला लागलं की लोण्यासारखं फिरतं. पण सुरू होताना अडतं. तू आयुष्यभर जिग आणि फिक्श्चर केलीस. मला एक करून देशील?"

नाशिकमधल्या सातपूरच्या एमआयडीसीत ३४ वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर कोणी असा प्रश्न विचारला, तर तो नाही म्हणत नाही. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुना लेथ होताच. बायको म्हणाली, "जन्मात मासा शिवला नाही आणि आता माशांसाठी ब्रेक!" मी म्हटलं, ब्रेक माशासाठी नाही, दोऱ्यासाठी आहे. ती म्हणाली, दोऱ्याला तरी विचारलंस का?

भाच्याने मला वाचायला आणि बघायला बरंच काही पाठवलं. त्यात एका जुन्या चिनी चित्राचा फोटो होता. ११९५ च्या सुमारास मा युआन याने काढलेलं हे चित्र आता टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. थंडगार पाण्यात एक होडी, होडीत एकटा कोळी आणि त्याच्या काठीला चक्क एक छोटं चाक. माणसाने चाकाला दोरा गुंडाळून मासे धरल्याचं हे सर्वांत जुनं चित्र मानतात. पुढच्या काही शतकांत या चाकाला ब्रेक असा नव्हताच. इंग्लंडच्या उत्तरेला ॲनिक गावात हार्डी बंधूंनी १८९१ मध्ये 'परफेक्ट' नावाचं रीळ आणलं. त्यात बॉल बेअरिंगं होती आणि दातेरी चाकावर करकरणारी खिटी होती. त्या करकरीचं काम मुख्यतः चाकाला वाजवीपेक्षा जास्त फिरू न देण्याचं, म्हणजे माझ्या भाच्याची संक्रांतीची चूक टाळण्याचं. भोगीच्या चुकीवर उपाय माणसाच्या हातातच राहिला. मासा फारच जोरात निघाला की रिळाच्या कडेला तळवा लावायचा. कित्येक फ्लाय रिळांची कड आजही त्यासाठी मुद्दाम उघडी ठेवतात.

समुद्रातल्या अजस्र माशांपुढे तळवा पुरेना. रिळाला कातड्याची पट्टी लावून ती अंगठ्याने दाबायची पद्धत आली. मूठ थेट चाकाला जोडलेली असल्याने मासा निघाला की मूठ उलटी गरगरायची आणि बोटं फुटायची. १९१३ मध्ये कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटलिना बेटापाशी विल्यम बॉशेन याने ३५५ पौंडांचा, म्हणजे १६१ किलोंचा तलवार-मासा काठी आणि रिळावर काढला. असा मासा असा निघण्याची ती पहिलीच वेळ. त्याच्या रिळाच्या पोटात एकावर एक चकत्या दाबून केलेला ब्रेक होता. ते ब्रुकलिनच्या ज्यूलियस व्हॉम होफ या कारागिराने घडवलं होतं. मासा दोरी नेत असताना मूठ जागच्या जागी राहायची.

या सगळ्यात मला जवळचे वाटले ते दोघे जण. एक स्टॅन बॉगडन. हा भाच्याच्याच गावचा, नॅशुआचा. यंत्रशाळेत काम करणारा माणूस. सामन माशांसाठी त्याने केलेल्या रिळात ट्रकच्या चाकात असतात तसे दोन ब्रेक शू आतून दाबले जायचे. मुलाला हाताशी धरून तो रिळं करायचा आणि गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं वाट बघायची. २०११ मध्ये, ९२ व्या वर्षी तो गेला. दुसरा टेड युराचिक. १९५६ च्या उठावानंतर हंगेरी सोडून अमेरिकेत आलेला टूल अँड डाय मेकर. म्हणजे आमच्याच जातीचा. त्याने फ्लोरिडात समुद्रासाठी जी रिळं केली, त्यांच्या ब्रेकसाठी त्याने कॉर्कची चकती वापरली. बाटलीचं बूच असतं तो कॉर्क. अंतराळयानाला लागणारं सामान मिळत असताना या माणसाला बूच का वाटलं, हे कळायला मला पाच महिने लागले.

माझा पहिला ब्रेक सरळ होता. ॲल्युमिनियमचं चाक, त्याच्या कुशीला ५० मिलिमीटरची चकती, मधे चामडं, वरून दाबायला नॉबचा स्क्रू. चामडं मेन रोडवरच्या चांभाराकडून आणलं, चांगलं कमावलेलं. काठीऐवजी व्हाइसमध्ये रीळ पकडलं, दोरीला स्प्रिंगचा काटा लावला आणि हळूच ओढलं. काटा चढत गेला, चढत गेला, सव्वा किलोच्या पुढे गेला, आणि एकदम चाक सुटलं. सुटल्यावर काटा आठशे ग्रॅमवर आला. पुन्हा थांबवलं, पुन्हा ओढलं. पुन्हा तेच. एका रात्रीनंतर ओढून बघितलं तर दीड किलोपर्यंत हललंच नाही.

हे मला नवीन नव्हतं. फक्त आठवायला वेळ लागला.

माझे वडील मालेगावात यंत्रमागावर जॉबर होते. शुक्रवारी माग बंद, म्हणून गुरुवारी रात्री ते येवल्याला घरी यायचे. सुट्टीत कधी मला बरोबर न्यायचे. मागाच्या मागच्या बाजूला ताण्याचं बीम असतं, हजारो धाग्यांचं मोठं रीळच ते. कापड पुढे विणलं जातं तसतसं बीमने थोडं थोडं फिरून धागा सोडायचा असतो. फार सोडला तर कापड सैल, अडवून धरला तर धागे तुटतात. त्यासाठी बीमच्या टोकाशी चाकावर दोराचे किंवा साखळीचे वेढे आणि तरफेला टांगलेली लोखंडी वजनं. एवढाच ब्रेक. वडील मधूनमधून त्या दोरावर शंखजिऱ्याची भुकटी टाकायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "अडखळला की कापड बोलतं." मग त्यांनी मला कापडावर एक आडवी, दाट रेघ दाखवली. जेवणाच्या सुट्टीत माग थांबला होता तिथली ती रेघ. थांबलेलं बीम पुन्हा हलताना थोडं अडलं आणि ते अडणं कापडात कायमचं विणलं गेलं.

शार्ल कूलाँब या फ्रेंच लष्करी अभियंत्याने हेच प्रयोग करून मांडलं होतं. घर्षणावरच्या त्याच्या प्रबंधाला १७८१ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीचं बक्षीस मिळालं. लाकडावर लाकूड ठेवून ते सरकवायला किती जोर लागतो, हे त्याने मोजलं. सरकत असताना लागतो त्यापेक्षा सरकायला सुरुवात करताना जास्त लागतो. आणि दोन्ही लाकडं जितका वेळ एकमेकांना टेकून स्वस्थ बसली असतील, तितका हा पहिला जोर वाढत जातो. वस्तू आपल्या जागेला रुळतात. जवळून पाहिलं तर दोन गुळगुळीत पृष्ठभागसुद्धा मोजक्या उंचवट्यांवरच एकमेकांना टेकलेले असतात. वेळ गेला की ते उंचवटे दाबाखाली हळूहळू पसरतात आणि पकड वाढते. माझ्या चामड्याने रात्रभरात हेच केलं होतं.

भाच्याचा दोरा नेमका इथे तुटला होता. त्याने हिशोबाने ब्रेक लावला होता. साधारण रीत अशी की दोरा सहा किलोला तुटत असेल, तर ब्रेक दीड-दोन किलोवर सोडला पाहिजे, म्हणजे पाव ते तिसरा हिस्सा. बाकीची जागा दोरी पाण्यातून ओढली जाताना पाणी जे अडवतं त्यासाठी, गाठीसाठी आणि माशाच्या अचानक हिसक्यासाठी. पण रीळ कोपऱ्यात आठवडाभर पडून होतं. ब्रेक दोन किलोवर फिरत होता खरा, पण सुटायला किती घेत होता, ते कोणी मोजलंच नव्हतं. शिवाय मासा निघतो तेव्हा नुसता ब्रेक सोडवायचा नसतो, स्थिर असलेलं सगळं चाक एका क्षणात पळतं करायचं असतं. चाक जड असेल तर तोही भार त्या केसाएवढ्या दोऱ्यावर. अमेरिकेत व्हर्माँटच्या चार्ल्स ऑर्व्हिसने १८७४ मध्ये रिळाच्या बाजूंना भोकं पाडण्याचं पेटंट घेतलं, ते रेशमी दोरी वाळावी आणि रीळ हलकं व्हावं म्हणून. मीही भोकं पाडली. एका चाकाला छत्तीस. बायको म्हणाली, "चाळणी झाली. आता पुरण वाटायला घेऊ का?"

चामडं गेलं. मग इंजिनाच्या गॅस्केटचा रबर मिसळलेला कॉर्क आणला. तो तर चिकटायचाच. फिरताना टर्र-टर्र आवाज करत थांबत-सुटत, थांबत-सुटत. मग टेफ्लॉन. १९३८ मध्ये ड्यूपाँ कंपनीत रॉय प्लंकेटला अपघाताने सापडलेला हा पदार्थ घरोघरी तव्यावर बसला आहे. त्याची खुबी अशी की सुरू होताना आणि फिरताना त्याचं घर्षण जवळपास सारखंच असतं. मला वाटलं, संपलं काम. पण ते घर्षण इतकं कमी की पुरेशी ओढ आणायला मोठा दाब द्यावा लागला, आणि मोठ्या दाबाखाली टेफ्लॉन काही दिवसांत पसरून पातळ झालं. सोमवारी लावलेला ब्रेक गुरुवारी सैल.

शेवटी युराचिकचं बूच. चांगल्या प्रतीच्या कॉर्कचा तुकडा भाच्यानेच पाठवला. मी साडेचार मिलिमीटर जाडीची चकती काढून लेथवर फेसिंग केलं. भुसा इतका हलका की श्वासाने उडत होता. समोरच्या ॲल्युमिनियमला आरशासारखं घासलं, ॲनोडाइझ करून घेतलं. ओढलं. काटा चढला, आणि चाक कधी सुटलं ते मला डोळ्यांनी कळलंच नाही. काटा एका जागी आला आणि तिथेच थरथरत राहिला. मी पुन्हा ओढलं. मग चहा पिऊन आलो आणि पुन्हा ओढलं. मग रात्रभर ठेवलं. सकाळी पहिल्या ओढीला थोडासा जास्त, काही ग्रॅमचा फरक. लुंगीवर शेडमध्ये उभा राहून मी एकटाच हसलो.

कॉर्क म्हणजे झाडाची साल. तिच्यात हवेने भरलेल्या अगणित बारीक पेशी असतात. दाबलं की ती दबते, सोडलं की बरीचशी परत येते. पृष्ठभागात कुठे एक-दोन शतांश मिलिमीटरची लाट असली तर कॉर्क ती सांभाळून घेतो. कडक चकती दोन-तीन ठिकाणी टेकते आणि तिथेच रुतून बसते. कॉर्क सगळीकडे थोडा थोडा टेकतो. मात्र त्याला तेल लागतं, नाहीतर तो कोरडा पडून पकडतो. भाच्याने सांगितलं, तिकडे नीट्सफूट नावाचं तेल लावतात. त्याने पाठवलेली बाटली बायकोने उघडण्याआधी माहिती काढली: गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढतात. ती बाटली आजपर्यंत शेडमध्येच आहे, तुळशीपासून चार हात लांब. आणि एक पथ्य. काम झालं की नॉब पूर्ण सैल करून ठेवायचा. दाबून ठेवलेला कॉर्क दबलेलाच राहायला शिकतो.

आता अर्धा प्रश्न उरला होता, ब्रेक हवा तेवढाच लावता येण्याचा. माझ्या पहिल्या नमुन्यात नॉब फिरवला की आधी काहीच नाही, मग एकदम जाम. कारण साधं आहे. दोरी चाकाच्या केंद्रापासून ४५ मिलिमीटरवर, चकतीचं घासणं सरासरी १८ मिलिमीटरवर. दोरीला दोन किलोची ओढ हवी तर चकतीवर साधारण वीस किलो दाब लागतो. स्क्रूचा आटा एक मिलिमीटरचा. कडक धातू कडक धातूवर दाबला तर वीस किलो यायला केसाएवढी हालचाल पुरते, म्हणजे नॉबच्या फेऱ्याचा विसावा हिस्सासुद्धा नाही. एवढ्यात बोटाला काय कळणार?

उत्तर मऊपणात होतं. मी मधे ताटलीसारख्या वाकवलेल्या पातळ स्टीलच्या चकत्या घातल्या, एकमेकींना पाठ लावून रचलेल्या. हे स्प्रिंगचंच एक रूप. वीस किलो दाबाला त्या मिळून एक मिलिमीटर दबतील असा हिशोब केला. म्हणजे नॉबचा एक पूर्ण फेरा फिरवला की दोरीची ओढ शून्यापासून दोन किलोपर्यंत चढते, आणि पाव फेऱ्याला अर्धा किलो. त्याचा आणखी एक फायदा मागून लक्षात आला. कॉर्क झिजला, पाण्याने फुगला, उन्हाने तापला, तरी एक-दोन शतांशाने दाबात फारसा फरक पडत नाही. स्प्रिंग ते गिळून टाकते. उष्णतेचंही तसंच. दीड किलोची ओढ आणि सेकंदाला सहा मीटर वेग म्हटलं तर ब्रेकमध्ये नव्वद वॅटच्या आसपास उष्णता तयार होते, जुन्या पिवळ्या दिव्याएवढी. ती ॲल्युमिनियम खाऊन टाकतं. टूलरूममध्ये आम्ही उलटं शिकलो होतो: जे नेमकं हवं ते कडक करा, जॉब हलता कामा नये. इथे नेमकेपणासाठी मधे काहीतरी लवणारं ठेवावं लागत होतं.

तिसरी गोष्ट वडिलांनी शिकवली होती आणि मी ती विसरलो होतो. ब्रेक दोन किलोवर लावला, दोरी ओढत नेली, आणि रीळ रिकामं होत आलं तसा काटा वर सरकू लागला. अडीच. तीन. शेवटी साडेतीनच्या पुढे. नॉबला कोणी हात लावला नव्हता. मी आधी कॉर्कला दोष दिला, मग तेलाला, मग काट्याला. मग एकदम मालेगावची ती शेड आठवली, आणि संध्याकाळी बीम उतरत आल्यावर तरफेवरचं वजन अलीकडे सरकवणारा वडिलांचा हात. बीम बारीक झालं की तोच ब्रेक जास्त ओढतो. कारण ब्रेक चाकाच्या फिरण्याला अडवतो, दोरीच्या ओढीला नाही. दोरी केंद्राच्या जवळ आली की तेच अडवणं तिला जड जातं. ४५ मिलिमीटरवर दोन किलो असेल, तर २५ मिलिमीटरवर तीन किलो सहाशे ग्रॅम. म्हणजे मासा जितका लांब जातो तितका ब्रेक घट्ट होत जातो, आणि दोरी पाण्यात लांब पसरल्यामुळे पाण्याचा भारही तेव्हाच सर्वांत जास्त. ज्या वेळी सोडायला हवं त्याच वेळी यंत्र आवळतं. वडील हे सातवी शिकून जाणत होते. मी डिप्लोमा करून विसरलो. उपाय म्हणून चाकाचा गाभाच मोठा केला, म्हणजे पूर्ण आणि रिकाम्या रिळातलं अंतर कमी होतं. राखीव दोरी थोडी कमी मावते, पण चालतं.

राहिली परतीची दिशा. दोरी बाहेर जाताना ब्रेक हवा, आत गुंडाळताना नको. जुन्या रीतीने दातेरी चाक आणि खिटी लावली, तर खिटी दातात पडेपर्यंत जरासं मोकळं अंतर जातं आणि तिथे पुन्हा एक छोटा झटका. मी नाशिकच्या बाजारातून फोटोकॉपी मशीनमधल्या कागदाच्या रोलरला असतं तसं, एकाच दिशेने अडणारं बेअरिंग आणलं. ते विनाविलंब अडतं. उलट्या दिशेला चाक पूर्ण मोकळं. मग मूठ राहिली. ती मी डेल्रिन या कडक प्लास्टिकच्या एका उरलेल्या तुकड्यातून अर्ध्या तासात काढली. ब्रेकसमोर मुठीचं काय कौतुक!

जानेवारीत भाचा आला. नऊ वर्षांनी संक्रांतीला. मधे तो यायचा ते लग्नांना आणि एकदा त्याच्या आईच्या आजारपणात, चार दिवस, सहा दिवस. या वेळी बायको-मुलं तिकडेच होती, तो एकटाच होता. करीच्या दुपारी आम्ही गावाबाहेरच्या माळावर गेलो. मी रीळ एका बांबूला बांधलं होतं. मासा कुठून आणायचा हा प्रश्न त्याने स्वतःच सोडवला. दोरीचं टोक त्याने कमरेच्या पट्ट्याला बांधलं. केस पिकायला लागलेला, पोट किंचित सुटलेला माणूस माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.

"मामा, किती लावलायस?"

"दीड किलो."

"ढील दे मग," तो म्हणाला, आणि सुटला.

पहिलं पाऊल मला बांबूत जाणवलं नाही. मी त्याचीच वाट बघत होतो. सव्वा वर्ष मी त्या एका क्षणाची वाट बघत होतो, आणि तो आला हे मला चाक फिरायला लागल्यावर कळलं. दोरी सरसरत जात राहिली. काटा नव्हता, पण हाताला कळतं. ओढ एकसारखी होती. गवतातून तो लहान होत गेला. पन्नास मीटर, ऐंशी, शंभर. वर आकाशभर पतंग होते आणि गच्च्यांवरून ओरडण्याचा एकच गलका येत होता. मी रिळाच्या कडेला तळवा टेकवून बघितला. तो तिथे अगदी बरोबर बसत होता.

मग तो थांबला, वळला, आणि माझ्या दिशेने पळत सुटला.

बांबू हातात एकदम हलका झाला. दोरी गवतात पडली. माझा हात सवयीने नॉबकडे गेला. पाव फेरा घट्ट केला. काही झालं नाही. आणखी अर्धा. काहीच नाही, आणि होणारही नव्हतं. दोरीला ओढच नव्हती, मग ब्रेक अडवणार कशाला? मी उभा राहून नॉबकडे बघत होतो.

"मामा, बघतोस काय?" तो धापा टाकत लांबून ओरडला. "गुंडाळ ना! सैल पडली की गळ निसटतो!"

मी गुंडाळायला लागलो. चाक भरभर फिरत होतं, काहीही न अडवता. ते तसंच तर केलं होतं. पण मूठ लहान होती. दोन बोटांत नीट धरता येत नव्हती, घामाने सटकत होती. तो मोठा होत येत होता आणि माझी दोरी अजून गवतात लोळत होती, काटेकुसळं घेऊन आत येत होती. माझा वेग त्याला पुरेना. तो येऊन माझ्यासमोर उभा राहिला, गुडघ्यांवर हात टेकून, हसत, तेव्हाही आमच्या दोघांमध्ये चाळीस-पन्नास मीटर दोरी पडलेली होती.

"ब्रेक एक नंबर झालाय," तो म्हणाला. "कळलंच नाही कधी सुटलो ते."

मी अंगठा चोळत होतो.

"मूठ बदलायला हवी," मी म्हटलं. "लहान पडते."